एका साच्यातून शेकडो पत्रं: परवडणारं सॉफ्टवेअर कसं निवडावं?

"आमच्या सोसायटीत ८० घरं आहेत. दर महिन्याला मेंटेनन्सची ८० बिलं, सप्टेंबरात सभेच्या ८० नोटिसा, मधूनमधून थकबाकीची पत्रं. एवढ्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का? आणि घ्यायचं तर कुठलं?"

गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिणाऱ्यांना हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गाळ्यात छोटा कारखाना चालवणारा मालक हेच पगाराच्या स्लिपांबद्दल विचारतो, क्लासचालक फीच्या पावत्यांबद्दल आणि पतपेढीचा कारकून कर्जदारांच्या पत्रांबद्दल. कागद वेगवेगळे असले तरी अडचण एकच आहे: मजकूर तोच, फक्त नाव, रक्कम आणि तारीख प्रत्येकासाठी निराळी.

बाजारात यासाठी महिन्याला शे-दोनशे रुपयांपासून वर्षाला लाखभर रुपयांपर्यंतची सॉफ्टवेअरं मिळतात. पण छोट्या संस्थेला लागणारं साधन बहुतेक वेळा तिच्या संगणकावर आधीच असतं, किंवा फुकट मिळतं. पैसे मोजण्याची वेळही येते, पण ती कधी येते हे ओळखता आलं पाहिजे.

१. काम किती मोठं आहे?

वरळीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घेऊ. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळीत अशा १२१ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, तीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. गुणाकार केला तर ९,६८० खोल्या होतात. म्हाडाच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एका चाळीतल्या खोलीचा नव्या मनोऱ्यातल्या घरापर्यंतचा प्रवास होतो तेव्हा त्या कुटुंबामागे पात्रतेच्या नोंदीपासून करारनाम्यापर्यंत कागदांची चळत तयार होते. पुढे संस्था स्थापन झाली की सभासदांची नोंदवही, भागपत्रं, सभांच्या नोटिसा हे सारं ओघाने येतं.

समजा, अशा ५५६ घरांच्या संस्थेला प्रत्येक सभासदाला एक पत्र द्यायचं आहे. जुन्या पत्राची प्रत उघडायची, नाव बदलायचं, घराचा क्रमांक बदलायचा, छापायचं. एका पत्राला तीन मिनिटं धरली तर १,६६८ मिनिटं लागतील, म्हणजे जवळपास २८ तास. त्यात मागच्या सभासदाचं नाव पुढच्या पत्रात तसंच राहून जाण्याचा धोका आहेच. तेच काम यादी आणि साचा वापरून केलं, तर मिनिटाला २० पानं छापणारा साधा लेझर प्रिंटर ५५६ पानं २८ मिनिटांत बाहेर काढतो. यादी नीट करायला जो वेळ लागेल तो एकदाच जाईल.

हजारो अर्ज, सोडत, देकारपत्रं असा पसारा असला की स्वतंत्र यंत्रणा उभारावीच लागते. म्हाडा २०२३ पासून घरांच्या सोडतीसाठी स्वतःची संगणकीय प्रणाली वापरते. पण ८० किंवा ५५६ पत्रांसाठी तेवढ्या तोफखान्याची गरज नसते. म्हणून खरेदीआधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: वर्षाला किती कागद निघतात, ते किती प्रकारचे आहेत आणि त्यातल्या कोणत्या कागदावर हिशेब करावा लागतो. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. तो सहाव्या भागात येईल.

२. साचा आणि यादी

लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचं अंग साच्यातून निघतं आणि डोळ्यांची आखणी मात्र प्रत्येक मूर्तीवर वेगळी होते. ठोक पत्रांचं कामही असंच चालतं. न बदलणारा मजकूर साच्यात असतो आणि बदलणारा तपशील यादीत. दोन्ही एकत्र करण्याच्या क्रियेला मेल मर्ज म्हणतात.

ही सोय नवी नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्डस्टार या सॉफ्टवेअरबरोबर मेलमर्ज नावाचा जोडकार्यक्रम मिळत असे. आजची अनेक महागडी उत्पादनं त्याच कल्पनेवर उभी आहेत. त्यांनी तिच्यावर चांगली सजावट, मंजुरीच्या पायऱ्या आणि ई-मेल पाठवण्याची सोय चढवली आहे.

साचा म्हणजे पत्राची फाइल. तिच्यात नावाच्या जागी «नाव», रकमेच्या जागी «रक्कम» अशा खुणा असतात. यादी म्हणजे एक्सेलसारखी शीट. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आणि खाली प्रत्येक माणसाची एक ओळ. सॉफ्टवेअर एकेक ओळ उचलतं आणि खुणांच्या जागी त्या ओळीतला तपशील भरतं.

मराठीत साचा लिहिताना थोडी काळजी घ्यावी लागते, कारण आपल्याकडे नामाला प्रत्यय लागतो आणि क्रियापद लिंगानुसार बदलतं. "पाटीलांना" की "पाटलांना" हे सॉफ्टवेअरला कळत नाही. म्हणून सरकारी पत्रव्यवहारातली जुनी सोय वापरावी: «संबोधन» «नाव» यांना, «नाव» यांचे, «नाव» यांच्याकडून. नाव तसंच राहतं आणि प्रत्यय 'यां'ला लागतो. "सभासद हजर राहिला नाही" लिहिण्यापेक्षा "आपण सभेस उपस्थित नव्हता" असं लिहिलं की बाई-पुरुष हा प्रश्न उरत नाही. श्री., श्रीमती, डॉ., ॲड. ही संबोधनं मात्र वेगळ्या रकान्यात ठेवावीत.

३. चुका होतात त्या यादीत

सॉफ्टवेअर निवडण्यात लोक आठवडे घालवतात आणि यादीकडे शेवटच्या संध्याकाळी बघतात. खरं तर क्रम उलटा हवा. कितीही महाग सॉफ्टवेअर घेतलं तरी यादीतली चूक ते इमानाने ५५६ वेळा छापेल.

सर्वांत धोकादायक चूक बँक खात्याच्या क्रमांकात होते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच नेमके लक्षात ठेवतं. १६ आकडी खाते क्रमांक साध्या रकान्यात टाइप केला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. शीट कुरकुर करत नाही. पत्रावर चुकीचा क्रमांक छापला जातो आणि पैसे जमा करायची वेळ येते तेव्हा गोंधळ लक्षात येतो. उपाय सोपा आहे. टाइप करण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' प्रकारचा करून ठेवायचा. नंतर केला तर उपयोग नाही, कारण अंक आधीच गेलेला असतो. शून्याने सुरू होणारे सदस्य क्रमांकही अशाच कारणाने आपलं पहिलं शून्य गमावतात. त्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

दुसरी चूक तारखेची. वर्ड जेव्हा एक्सेलमधून तारीख उचलतं तेव्हा शीटवर दिसणारं रूप ते बरेचदा सोडून देतं आणि अमेरिकी पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, असं छापतं. ५ जून २०२५ ही शेवटची मुदत पत्रात ६/५/२०२५ होते आणि सभासद ती ६ मे समजून वाचतो. रकमांचंही तसंच होतं. शीटवर १,२५०.४५ दिसणारी रक्कम पत्रात १२५०.४४९९९९ अशी लांबलचक उतरू शकते. यासाठी शीटमध्ये शेजारी आणखी एक रकाना करावा आणि 'टेक्स्ट' याच नावाच्या सूत्राने तारीख किंवा रक्कम जशी छापून हवी तशी मजकूर म्हणून तयार करावी. साच्यात तो रकाना जोडावा. हिशेबाचा मूळ रकाना तसाच राहू द्यावा.

तिसरी गोष्ट अंकांची. शीटमध्ये ५०० असं देवनागरीत टाइप केलं तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरीज चुकते. हिशेबाच्या रकान्यांत इंग्रजी अंकच ठेवावेत. छापील पत्रात देवनागरी अंक हवे असतील तर ते मजकुराच्या रकान्यात बदलून घ्यावेत.

४. मराठी अक्षरांची परीक्षा

एखाद्या उत्पादनाच्या पानावर 'सर्व भाषा चालतात' असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नये. मराठी चालते की नाही हे तपासायला दहा मिनिटं पुरतात.

पूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत काम चाले. त्यात संगणकाच्या दृष्टीने 'क' हे अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चा आकार बसवलेला असायचा. कागदावर सुरेख छपाई व्हायची, पण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी यादी इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसे, शोधता येत नसे आणि अकारविल्हे लावता येत नसे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या संस्थेची यादी अजून जुन्या फॉन्टात असेल तर नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी. बदलणारी साधनं मिळतात, पण नंतर माणसाने एकदा सगळी नावं वाचलीच पाहिजेत.

युनिकोड असूनही पीडीएफ बनवताना घोटाळा होतो. ऱ्हस्व वेलांटी संगणकात व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी काढली जाते. जोडाक्षरांचे आकारही जागच्या जागी जुळवावे लागतात. स्वस्तातली काही वेबसाधनं ही जुळवणी करतच नाहीत. मग 'शिंदे' यांच्या नावातली वेलांटी 'श'च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ' फुटून 'ज्' आणि 'ञ' वेगळे दिसतात.

म्हणून चाचणीसाठी एक छोटी यादी हाताशी ठेवावी. तिच्यात मुद्दाम अवघड नावं घालावीत: गोऱ्हे, कऱ्हाडे, शिंदे, ज्ञानेश्वर, कृष्णा, श्रद्धा, शृंगारपुरे आणि सुरुवातीला 'ॲड.' असलेलं एखादं नाव. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन उमटतो. 'गोऱ्हे'मधला अर्धा र हीसुद्धा चांगली कसोटी आहे. यादी चालवावी, पीडीएफ काढावी, ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडावी आणि कागदावर छापून बघावी. या परीक्षेत नापास होणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी घेऊ नये. माणसाचं नाव चुकीचं छापलेलं पत्र पाठवणं हा त्या माणसाचा अनादर आहे.

५. फुकटात काय मिळतं?

लिबरऑफिस हा पहिला पर्याय. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, धंद्यासाठी वापरलं तरी परवाना शुल्क नाही. यादी कॅल्कमध्ये, साचा रायटरमध्ये. रायटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबल्या की जोडलेली यादी वर दिसते आणि रकान्याचं शीर्षक ओढून पत्रात सोडलं की खूण तयार होते. छापण्याची आज्ञा दिली की सॉफ्टवेअर विचारतं, हे ठोक पत्र आहे का? हो म्हटलं की प्रिंटरऐवजी फाइल निवडता येते, आणि इथे त्याचा मोठा फायदा आहे: प्रत्येक सभासदाची वेगळी पीडीएफ निघते आणि तिला यादीतल्या एखाद्या रकान्यातून नाव देता येतं. 'बी-१२०४' नावाची फाइल त्याच घराला जाते, शोधाशोध होत नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मर्ज सोपं आहे आणि बहुतेकांना ओळखीचंही, पण प्रत्येकाची वेगळी पीडीएफ काढायला मॅक्रो किंवा जोडसाधन लागतं. ज्यांच्याकडे वर्डचा परवाना आहे आणि कागद छापूनच वाटायचे आहेत, त्यांनी दुसरं काही शोधू नये.

गूगल शीट आणि गूगल डॉक्स हा तिसरा मार्ग. तीन जणांची समिती एकाच यादीवर काम करणार असेल तर हा सोयीचा. पण पाठवण्याच्या मर्यादा आधी बघाव्यात. मोफत जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत ई-मेल जातात. शीटमधून आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट वापरली तर मोफत खात्याला दिवसाला १०० जणांचीच मुभा असते. ५५६ पत्रांना सहा दिवस लागतील. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नावं बसतात, म्हणजे तीन याद्या कराव्या लागतील आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर जतन केलेला नाही त्यांना संदेश पोहोचणारच नाही.

हे सभेच्या नोटिशीच्या वेळी फार महत्त्वाचं ठरतं. महाराष्ट्रात सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सभा ३० तारखेला ठेवली तर नोटीस १५ सप्टेंबरपर्यंत प्रत्येकाच्या हातात पडली पाहिजे. १४ तारखेला पाठवायला बसलेल्या सचिवाला सहा दिवसांची मर्यादा परवडणार नाही.

६. पैसे कधी मोजावेत?

पहिल्या भागातला तिसरा मुद्दा इथे येतो. कागदावर हिशेब नसेल तर मेल मर्ज पुरे. हिशेब असेल आणि तो महिन्यामागून महिना पुढे ओढायचा असेल, तर लेखा सॉफ्टवेअर घ्यावं.

सोसायटीचं बिल त्याच प्रकारात मोडतं. मागची बाकी, आलेले पैसे, उशिराचं व्याज. उपविधींनुसार थकबाकीवर सरळव्याज लागतं. एक्सेलच्या शीटमध्ये मागच्या बाकीत व्याज मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवलं की ते नकळत चक्रवाढ होतं आणि भांडणाला निमित्त मिळतं. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी विचारावा: मुद्दल आणि व्याज तुम्ही वेगळं ठेवता का? दोन महिने पैसे न भरलेल्या एका सभासदाचं बिल समोर काढून दाखवायला सांगावं.

जीएसटीचं बिल तर मेल मर्जने काढूच नये. नियमांनुसार त्याचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नसलेला हवा. मर्जमध्ये कोणी एक पान पुन्हा छापलं, एक ओळ गाळली की साखळी तुटते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. तिथे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो. टॅलीसारखी सॉफ्टवेअरं याच कामासाठी आहेत. छोट्या धंद्याने घाईने खरेदी करण्याआधी एक चौकशी जरूर करावी: दीड कोटींपर्यंतच्या उलाढालीच्या करदात्यांसाठी जीएसटी नेटवर्कने काही कंपन्यांची लेखा आणि बिलिंगची सॉफ्टवेअरं मोफत उपलब्ध करून दिली होती.

काही कागद आपण बनवायचेच नसतात. पगारावरच्या करकपातीचा फॉर्म १६ आयकर खात्याच्या ट्रेसेस संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा लागतो. 'फॉर्म १६ ठोक तयार करा' असं सांगणारं सॉफ्टवेअर फार तर ती उतरवलेली माहिती नीट मांडून किंवा सही जोडून देईल.

आता किमतीचा हिशेब. समजा, एक सेवा महिन्याला १,५०० रुपये मागते. वर्षाचे १८,००० रुपये झाले. ८० घरांची वर्षाला ९६० बिलं, म्हणजे एका बिलामागे १८ रुपये ७५ पैसे. तीच सेवा त्याच दरात ५५६ घरांना मिळाली तर वर्षाला ६,६७२ बिलं आणि एका बिलामागे २ रुपये ७० पैसे पडतात. म्हणजे तेच सॉफ्टवेअर मोठ्या संस्थेला स्वस्त आणि छोट्या चाळीला महाग. पण बहुतेक कंपन्या घरामागे दर लावतात, त्यामुळे कोटेशन घेताना आपला आकडा सांगून वर्षाची एकूण रक्कम लेखी मागावी. त्यात करासह काय, शिकवण्याचे किती, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती, हे वेगळं लिहून घ्यावं. पहिल्या वर्षाची सवलत बघून सही करणाऱ्या समितीची दुसऱ्या वर्षी पंचाईत होते.

७. यादी कोणाच्या हातात देतो?

सभासदांच्या यादीत फक्त नावं नसतात. मोबाइल नंबर, खात्याचे क्रमांक, कधी आधार क्रमांकही असतो. इंटरनेटवर 'एक्सेल टाका, पीडीएफ घ्या' असं सांगणारी फुकट पानं पुष्कळ आहेत. तिथे ही यादी चढवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी टाकली आहे. कायदा नसता तरी शेजाऱ्याचा खाते क्रमांक परक्या संकेतस्थळावर टाकणं बरोबर नव्हतंच. लिबरऑफिसची बाजू इथे पुन्हा भक्कम ठरते, कारण सगळं काम आपल्याच संगणकावर होतं. आणि पत्राला जो रकाना लागत नाही तो यादीच्या कामाच्या प्रतीतून काढूनच टाकावा.

खरेदीआधीची शेवटची चाचणी बहुतेकजण विसरतात. सॉफ्टवेअरमध्ये पाच सभासद भरावेत, दोन बिलं काढावीत, एक पैसे जमा झाल्याची नोंद करावी आणि मग सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून मागावी. नावं, बाकी, पावत्यांचे क्रमांक, तारखा, सगळं परत मिळालं पाहिजे, मराठी नावांसह. सोसायटीची समिती पाच वर्षांनी बदलते, हिशेबनीस त्याआधीही बदलतो. पासवर्ड एका माणसाच्या खासगी ई-मेलला जोडलेला असला तर तो माणूस घर विकून गेल्यावर संस्थेची नोंदवहीच कुलूपबंद होते. खातं संस्थेच्या नावाच्या ई-मेलवर उघडावं, दर महिन्याला बिलं निघाली की माहितीची एक एक्सेल प्रत काढून पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह सोसायटीच्या कपाटात, जावक नोंदवहीच्या शेजारी ठेवावा.